स्टुलावर बसलेली गाडी

मी एक जुनी गाडी आहे. म्हणजे, असावी. गेल्या वर्षापासून माझी मलाच नीट खात्री वाटेनाशी झाली आहे, म्हणून सगळे पहिल्यापासून सांगते. कुठे घोटाळा झाला ते तुम्हाला कळले तर मला जरूर सांगा.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. खूप ठोकाठोकी झाली, रंगाचा वास आला आणि शेवटी एका माणसाने माझ्या बॉनेटवर थाप मारून म्हटले, "ही झाली, पुढची आणा." एवढेच माझे कौतुक. मला खरी ओळख दिली ती बाईंनी.

बाई फोटोग्राफर होत्या. शाळाशाळांत जाऊन वर्गाचे फोटो काढायचे, हे त्यांचे काम. त्यांनी मला घेतले तेव्हा त्या तेवीस वर्षांच्या होत्या आणि मी चार वर्षांची. मागच्या सीटवर कॅमेऱ्याची पेटी आणि तीन पायांचा स्टँड, शेजारी त्यांचे यजमान, असे आम्ही निघायचो. निघताना बाई डॅशबोर्डवर हात ठेवून म्हणायच्या, "चल गं बये, पोरं उन्हात उभी आहेत." आणि खरोखरच पोरे रांगा लावून, डोळे बारीक करून उन्हात उभी असायची.

आता माझ्या खोडी सांगते. बाईंनी एकदा मला एका दगडावर घातले आणि स्टिअरिंगचा एक दांडा वाकला. तेव्हापासून मी डावीकडे ओढायला लागले. बाई स्टिअरिंग कायम थोडे उजवीकडे दाबून धरायला शिकल्या आणि आम्ही सरळ जायला लागलो. माझा ब्रेक पहिल्यांदा दाबला की खाली जायचा, दुसऱ्यांदा दाबला की लागायचा. तिसरा गिअर उडून बाहेर यायचा, म्हणून बाई तो गुडघ्याने दाबून ठेवायच्या. सीटला त्यांच्या मापाचा खळगा पडला होता. आणि माझ्या हॉर्नच्या पडद्याला चीर गेली होती, त्यामुळे मी करडासारखी बें करून ओरडायचे.

मित्रांनो, त्या हॉर्नचे काय सांगू! फोटोसाठी पोरे परीक्षेला बसल्यासारखी गंभीर उभी असायची. मग यजमान हळूच गाडीत येऊन बसायचे आणि हॉर्न दाबायचे. बें! सगळा वर्ग खो खो हसायचा, मुख्याध्यापकसुद्धा ओठ चावायचे, आणि बाई तेवढ्यात बटण दाबून मोकळ्या. बाईंच्या फोटोत रडका वर्ग सापडणार नाही. या माझ्या खोडी होत्या की माझी दुखणी, हा प्रश्न तेव्हा कोणाला पडला नाही.

पुढे यजमान गेले. प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला आणि वर्गाच्या फोटोसाठी बाईंना कोणी बोलावेना. मी घरामागच्या शेडमध्ये जाऊन उभी राहिले ती नऊ वर्षे. चाकांतली हवा गेली, उंदरांनी सीटमध्ये संसार थाटला. बाई अधूनमधून येऊन काचेवरची धूळ पुसायच्या, पण आत बसायच्या नाहीत. मला त्याचे फार वाईट वाटे.

मग एक दिवस त्यांचा भाचा आला. भाचा माणूस चांगला, फक्त त्याला मोकळी जागा दिसली की हायसे वाटते.

"मावशी, ही शेड आता पडायला आलीय," तो म्हणाला. "एका हॉटेलवाल्याला दारात ठेवायला जुनी गाडी हवी आहे. इंजिन काढून आत फुलझाडं लावणार आहेत. छान दिसेल गं."

इंजिन काढून! माझ्या पोटात गोळा आला. पोट म्हणजे इंजिनच ना?

बाईंनी माझ्या काचेवरची धूळ पुसली. मग म्हणाल्या, "तीन महिन्यांनी जुन्या गाड्यांचा मेळावा आहे. तिथपर्यंत मी हिला स्वतः चालवत नेलं, तर ती माझ्याकडे राहील. नाही जमलं तर घेऊन जा."

भाच्याने माझ्या बसलेल्या चाकांकडे पाहिले आणि लगेच कबूल केले.

त्या रविवारी बाईंच्या बोलावण्यावरून तिघे जण आले. जुन्या गाड्यांच्या वेडापायी एकमेकांना धरून असलेली ही मंडळी. प्रत्येकाच्या घरी माझ्यासारखी एकेक म्हातारी आहे आणि आज हिच्यासाठी, उद्या तिच्यासाठी असे सगळे राबतात. फिटरकाका बस डेपोतून निवृत्त झालेले. दंतवैद्य कार्बोरेटरची बारीक भोके आपल्या दवाखान्यातल्या हत्यारांनी साफ करायचे आणि बॉनेट उघडताना सवयीने "मोठा आ करा" म्हणायचे. गादीवाल्या ताई तोंडात सुतळी धरूनसुद्धा सगळ्यांना दटावू शकत. मेळाव्याच्या दोन आठवडे आधीपर्यंत, एकूण अकरा रविवार ते माझ्यावर झटले. एवढे लाड माझे कधी झाले नव्हते.

या मंडळींचे दोन स्वभाव मला तेव्हा कळले. एक म्हणजे, काढलेली वस्तू टाकायची नाही. कधी लागेल सांगता येत नाही, म्हणून ती घरी न्यायची. माझ्या हॉर्नचा चिरलेला पडदा दंतवैद्यांच्या घरी बिस्किटांच्या डब्यात गेला. सीटचे जुने पोट ताईंच्या माळ्यावर गेले. वाकडा दांडा फिटरकाकांच्या पलंगाखाली गेला. तिथूनच माझा गोंधळ सुरू झाला. शेडमध्ये उभी आहे ती मी, की डब्यात आणि माळ्यावर पडले आहे ती मी? कोणाला विचारणार?

दुसरा स्वभाव म्हणजे, बिघाड दिसला की यांचे हात शिवशिवतात. माझे डावीकडे ओढणे गेले. ब्रेक एका दाबात लागू लागला. तिसरा गिअर जागेवर बसला. सीटचा खळगा भरून निघाला. हॉर्नसाठी तर दंतवैद्यांनी सहा जणांना फोन करून तस्साच नवा पडदा मिळवला. आणि बाईंनी शेडकडे पाऊल टाकले की तिघेही आडवे यायचे. "आत्ता नाही, बाई! तयार झाली की बघा."

अकरावा रविवार उजाडला. भाचाही बघायला आला. माझ्यावर ऊन पडले तर लोकांना डोळ्यांवर हात धरावा लागला. दंतवैद्यांनी हॉर्न दाबला. पोंऽऽ! भारदस्त आवाज. मी दचकले. हे कोण बोलले?

बाई आत बसल्या. नव्या गादीवर त्या चार बोटे उंच झाल्या आणि पाय जेमतेम पोहोचले. त्यांनी डॅशबोर्डवर हात ठेवला, तोंड उघडले आणि काहीच न बोलता मिटले. गाडी सुरू झाली. बाईंनी सवयीने स्टिअरिंग उजवीकडे दाबले, तशी मी उजवीकडेच निघाले. त्यांनी ब्रेकवर पाय मारला. पहिला दाब फुकट जाणार म्हणून चांगला जोरात मारला. मी जागच्या जागी थांबले आणि बाईंचे कपाळ काचेला टेकता टेकता वाचले. तोवर फाटकाजवळच्या कुंडीचे दोन तुकडे झाले होते.

बाई खाली उतरल्या.

"गाडी फार छान झालीय," त्या तिघांना म्हणाल्या. "पण ही माझी नाही." आणि भाच्याकडे वळून म्हणाल्या, "घेऊन जा."

भाच्याने खिशातून फोन काढला खरा, पण त्यालाही नंबर लावायचा धीर होईना. मला तर काहीच समजेना. माझे सगळे बरोबर होते. इतकी बरोबर मी जन्मात कधी नव्हते. मग माझे चुकले तरी काय?

फिटरकाका बाईंच्या पायांकडे बघत होते. ते शेडमध्ये गेले, एक स्टूल घेऊन आले, आणि माझ्याच चाकाची जुनी गोल टोपी बाईंच्या हातात दिली.

"बाई, इथं बसा. हे स्टिअरिंग. डोळे मिटा आणि शाळेपर्यंत जाऊन या."

"माझी थट्टा करताय का?"

"नाही हो. एकदा जाऊन तर या."

बाई रुसल्यासारख्या बसल्या. डोळे मिटले. मग त्यांचा हात हवेत पुढे झाला, आणि त्या हळूच म्हणाल्या, "चल गं बये."

ते मला नव्हते. स्टुलाला होते. मला इतका मत्सर वाटला की काय सांगू! बाईंच्या हातातली चाकाची टोपी किंचित उजवीकडे वळलेली राहिली. पाय दोनदा दाबला गेला. गुडघा तिसऱ्या गिअरला टेकला. वळणावर त्या झुकल्या, खड्डा आला तेव्हा अंग सैल सोडले. मी बघत राहिले. मित्रांनो, त्या स्टुलावर मी होते! माझी चाल, माझे हिसके, माझी सगळी दुखणी तिथे होती, आणि इथे ऊन परतवत उभी होती ती कोण, ते मला सांगता येईना.

गादीवाल्या ताईंनी तोंडातली सुतळी काढली. "अगं बाई, या अजून जुनीच गाडी चालवताहेत की!"

"आणि आपण त्यांना एका शब्दानं विचारलं नाही," दंतवैद्य म्हणाले.

दंतवैद्य घरी जाऊन बिस्किटांचा डबा घेऊन आले. ताईंनी माळ्यावरचे सीटचे पोट काढले, उंदरांच्या खुणा झटकल्या आणि खळगा होता तसा घातला. फिटरकाका मात्र वाकडा दांडा आणायला उठले नाहीत.

"स्टिअरिंग आणि ब्रेक मी बिघडवणार नाही, बाई," ते म्हणाले. "मेलो तरी नाही. खळगा घ्या, हॉर्नमधला बोकड घ्या, पण एवढं तुम्हाला शिकावं लागेल."

"बोकड नाही, करडू," बाई म्हणाल्या. "आणि या वयात कसलं शिकू?"

"दोन आठवडे आहेत. रोज सकाळी मी शेजारी बसतो."

बाई रोज आल्या. पहिल्या दिवशी आम्ही मैदानात गोल गोलच फिरलो. ब्रेक लागला की फिटरकाकांची टोपी पुढे उडायची. बाई चिडायच्या, स्वतःच्या पायाला बोलायच्या. मीही गोंधळलेलीच होते, कारण मलाही नवे पाय फुटल्यासारखे वाटत होते. दहाव्या दिवशी कधीतरी बाईंचा हात सैल पडला आणि मी सरळ गेले. दोघींपैकी कोणाला जमले, ते मला अजून समजलेले नाही.

मेळाव्याच्या दिवशी बाईंनी मला स्वतः चालवत नेले. सबंध रस्ताभर ओठ घट्ट मिटलेले, एक शब्द नाही. मैदानाच्या फाटकाशी भाचा उभा होता. त्याने घड्याळ पाहिले, मावशीकडे पाहिले आणि फोन काढून हॉटेलवाल्याला सांगितले, "नाही हो, ती गाडी कामावर आहे."

मी वाचले. पण बाई माझ्याशी बोलल्या नव्हत्या, आणि ते वाचण्यापेक्षा मोठे वाटत होते.

दुपारी सगळ्यांचा एकत्र फोटो काढायचे ठरले. बाईंनीच काढावा, असा आग्रह झाला. चाळीसेक माणसे रांगा करून उभी राहिली. पांढऱ्या मिशांचे, टकलाचे, काठी टेकणारे, गादीवाल्या ताई पुढे, दंतवैद्य पोट आत घेऊन. सगळ्यांचे चेहरे परीक्षेला बसल्यासारखे. बाईंनी स्टँड लावला, कॅमेऱ्यातून पाहिले आणि मान हलवली. मग त्या माझ्याकडे चालत आल्या. मला पुढे, कॅमेऱ्याजवळ न्यायचे होते. त्या आपल्या खळग्यात बसल्या, डॅशबोर्डवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "चल गं बये, पोरं उन्हात उभी आहेत."

हॉर्नवर बसायला यजमान नव्हते. भाचा बसला. बें!

तो फोटो आता बाईंच्या भिंतीवर आहे. फिटरकाकांची कवळी त्यात पूर्ण दिसते. मी त्यात नाही, कारण मी कॅमेऱ्याच्या मागे होते. मी कोणती, जुनी की नवी, हे विचारू नका. माझा एक दांडा अजून पलंगाखाली आहे.

तर मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखे काही जुने असेल, तर त्याला धूळ खाऊ देऊ नका. चार जाणकार जमवा आणि ते जरूर दुरुस्त करा. फक्त पाना हातात घेण्याआधी, ज्याने ते आयुष्यभर वापरले त्याला एका स्टुलावर बसवा, डोळे मिटायला सांगा आणि त्याचे हात काय करतात ते बघा.