बंद दुकानाचं कुलूप

भर बाजाराच्या वेळी एखाद्या दुकानाला कुलूप दिसलं, तर तुमच्या मनात पहिल्यांदा काय येतं?

मी तसंच एक कुलूप आहे. घडलं लोहाराच्या भट्टीत, पण शहाणं झालं ते बंदरावरच्या शहरात, माझ्या मालकाच्या मामाकडे. गोऱ्या सरकारने कुणाला पकडलं की मामा निषेध म्हणून भरदुपारी मला दाराला लावायचा. पाठोपाठ गल्लीभर खटाखट कुलपं लागायची. शिपाई मामाला न्यायचे, खटला चालायचा, आणि थोड्या दिवसांनी स्वारी गळ्यात हार घालून परत! मला वाटायचं, सगळीकडे असंच असणार.

पुढे भाचा, म्हणजे माझा मालक, मला घेऊन दूरच्या एका संस्थानात आला आणि कंदिलाच्या काचा विकू लागला. इथे गोरा साहेब क्वचितच दिसे. राजा होता, आणि राजाचा शब्द हाच कायदा होता.

एक दिवस बातमी आली. बंदरावर गोऱ्यांनी गोळीबार केला होता, हमाल मेले होते. मालकाने हातातली काच पुसून जागेवर ठेवली, बाहेर येऊन मला लावलं.

मी खटाखट ऐकायला आसुसलं होतं. एकही आवाज आला नाही. उलट शेजारी चपला काढून आमच्या पायरीवर येऊन बसले. इथे दुकान बंद व्हायचं ते घरात कुणी गेलं तरच.

"कोण गेलं रे?" समोरच्या शिंपीकाकांनी हळूच विचारलं.

"बंदरावरचे हमाल, काका."

"नात्यातले?"

"नाही."

"मग उघड की! आम्ही उगाच तोंडं पाडून बसलोय. अरे, गोऱ्यांशी भांडण ते तिकडे. इथे आपला राजा आहे."

"आणि राजा कुणाच्या जिवावर आहे?"

काका चटकन उठले. "हळू बोल, बाबा. मला चार मुली आहेत."

संध्याकाळी शिपाई आले. मालकीणबाई काकुळतीला आल्या. "अहो, उघडा ना!"

"अगं, चार दिवस ठेवतात आणि सोडतात. मामाला नाही का सोडलं?" त्याने किल्ली त्यांच्या हातात दिली.

माझ्यासारखाच तोही फसला होता. शिपायांनी किल्ली मागितलीच नाही. घणाच्या दोन घावांत माझी कडी तुटली, आणि मालकाला ते घेऊन गेले.

इथे ना खटला, ना वकील. चौकशीला गेलेल्या मालकीणबाईंना दरबाराच्या दारातूनच हाकलत. पावसाळा सरता सरता त्याला हातगाडीवरून आणलं, चादरीखाली.

"तापाने गेला," शिपाई म्हणाला. "आणि ऐका, उद्या एकही दुकान बंद दिसता कामा नये."

आता मी मालकीणबाईंच्या पेटीत पडून असतं. किल्ली अजून फिरते, पण अडकवायला कडी नाही. मला भंगारात देऊ नका, एवढंच मागणं आहे. मी कशाने तुटलं हे कुणीतरी विचारलं पाहिजे.

मालकाला आणलं त्या रात्री मालकीणबाईंनी आमचं दार दोरीने बांधलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाजार वेळेवर उघडू लागला. शिंपीकाका आले, आपल्या दुकानाला लावलेलं कुलूप त्यांनी तसंच ठेवलं, आणि चपला काढून ते आमच्या पायरीवर बसले.