चार मिनिटांचा जावई

माझे भाऊजी विमानतळावर चार मिनिटांत आत जातात, आणि आईला ही गोष्ट सांगायला चाळीस मिनिटं लागतात. शेजारणीला सांगते, दूधवाल्याला सांगते, चुकून लागलेल्या फोनवरच्या एका माणसालाही तिनं सांगितली होती. "आमच्या जावईबापूंकडे निळं कार्ड आहे. विश्वासू प्रवासी! सरकारनंच म्हटलंय तसं."

मला सरकारनं आजवर काहीच म्हटलेलं नाही. मी कवळ्या बनवतो. भाऊजी वजनकाटे तपासायला गावोगाव फिरतात, तेही विमानानं. कार्डवाल्यांची रांग वेगळी असते. तिथं बूट काढायचे नाहीत, पट्टा काढायचा नाही, बॅग उचकायची नाही. शिवाय सोबत घरातलं एक वयस्कर माणूस नेता येतं. आमच्या घरात वयस्कर माणूस एकच आहे.

गेल्या वर्षी आम्ही तिघं मावशीकडे निघालो, तेव्हा ते दोघं चार मिनिटांत आत गेले. मला एक तास दहा मिनिटं लागली, कारण तिथल्या एका डॉक्टरांसाठी मी अकरा कवळ्या नेत होतो. अधिकाऱ्यानं सगळ्या टेबलावर मांडल्या.

"हे दात कोणाचे?"

"अजून कोणाचेच नाहीत," मी म्हणालो. उत्तर खरं होतं, पण त्यानं वीस मिनिटं वाढली.

आत पोचलो तर दोघांचा चहा उरकलेला. "तुझाही घेतला होता रे," आई म्हणाली, "पण गार व्हायला लागला, म्हणून जावईबापूंना दिला."

त्या दिवसापासून माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते थांबलंच नाही. भाऊजी हसले तरी दुखायचं. ते घरी आले की आई त्यांना पंख्याखालची खुर्ची द्यायची, आणि त्या खुर्चीत आधीपासून मी बसलेला असायचो.

यंदा मावशीच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. ताई आधीच तिकडे गेली होती. दोन महिन्यांनी आई, भाऊजी आणि मी जायचं होतं. मी ठरवलं की या वेळी आई आत जाईल ती माझ्याबरोबर. त्या रात्री जेवण झाल्या झाल्या मी विश्वासू प्रवासी योजनेचा अर्ज भरायला बसलो.

अर्जात सतरा रकाने होते. सोळा मी दहा मिनिटांत भरले. सतरावा ऐच्छिक होता: 'योजनेतील कोणा सदस्याच्या वर्तनाबद्दल आपणांस काही कळवावयाचे आहे काय?' शहाणी माणसं इथं 'नाही' लिहितात. माझ्या मनात मात्र इतकं साठलं होतं की अक्षरांची मर्यादा संपली तरी मी टाइप करत होतो. भाऊजी हॉटेलातल्या कापडी चपला घरी आणतात, हे लिहिलं. खिडकीची सीट नसताना खिडकीत बसतात, हे लिहिलं. 'दुसऱ्याच्या वाट्याचा चहा पितात' हेही लिहिलं. मग अर्ज पाठवून दिला आणि वर्षभरात पहिल्यांदाच शांत झोपलो.

तीन आठवड्यांनी मुलाखतीला बोलावलं. काचेमागच्या बाई स्वभावानं बऱ्या होत्या. त्यांनी माझी बोटं यंत्रावर ठेवायला सांगितली. यंत्र म्हणालं, पुन्हा प्रयत्न करा. मी सहा वेळा पुन्हा प्रयत्न केला.

"तुमच्या बोटांवर ठसेच नाहीत," बाई म्हणाल्या.

"कवळ्या घासून घासून जातात हो. दात गुळगुळीत झाले की त्यांच्याबरोबर आम्हीही होतो."

बाईंनी नियमांचं पुस्तक काढलं. ठसे नसतील तर जामीनदार लागतो. जामीनदार योजनेचा सदस्य हवा, पाच वर्षांची ओळख हवी, आणि त्यानं समक्ष येऊन सही करायला हवी. "आहे असं कोणी?"

अख्ख्या जगात असा एकच माणूस होता. फोन केल्यावर तो पंचवीस मिनिटांत हजर झाला, कुठलातरी वजनकाटा अर्धवट तपासून.

"अहो बाई, हा मला सख्ख्या भावासारखा," भाऊजी धापा टाकत म्हणाले. "मनात कपट म्हणून नाही. कुठं सही करू?"

बाईंनी पडद्यावरचा सतरावा रकाना वाचला. माझ्याकडे बघितलं. भाऊजींकडे बघितलं. मग पुन्हा रकाना वाचला, कारण तो मोठा होता.

"इथं करा," त्या म्हणाल्या.

पुढच्या पंधरवड्यात आमच्या घरी दोन पाकिटं आली. एकात माझं निळं कार्ड होतं. दुसऱ्यात भाऊजींना नोटीस होती: एका जागरूक प्रवाशाच्या माहितीवरून त्यांचं कार्ड चौकशी होईपर्यंत स्थगित. टपाल आमच्या पत्त्यावर येतं, कारण भाऊजी फिरतीवर असतात आणि आईला त्यांचं टपाल फोडायला आवडतं.

"कोण मेला हा जागरूक?" आई कडाडली. "माणसाचं चांगलं बघवत नाही लोकांना. तळपट होवो त्याचं!"

तिनं दुजोऱ्यासाठी माझ्याकडे बघितलं. भाऊजीही तेव्हा तिथंच होते.

"होवो," मी म्हणालो.

निघायचा दिवस उजाडला. भाऊजींच्या हट्टापायी आम्ही विमानाच्या साडेतीन तास आधी विमानतळावर पोचलो. मी निळं कार्ड काढून पंख्यासारखं हलवलं.

"चल आई. चार मिनिटं."

"आणि जावईबापू एकटेच उभे राहणार? त्या मेल्यानं चुगली केली म्हणून? काही नको. तू जा पुढं. आम्ही दोघं येतो सावकाश."

मी तीन मिनिटं पन्नास सेकंदांत आत गेलो. भाऊजींचा विक्रम दहा सेकंदांनी मोडला आणि ते सांगायला जवळ कोणीच नव्हतं. मी एकट्यानं चहा घेतला. मग काचेशी जाऊन बाहेर बघायला लागलो.

बाहेर रांग सापासारखी वळत वळत चालली होती. आईच्या हातात तिची पर्स होती. बाकी तिचं सगळं भाऊजींच्या हातात होतं: शाल, औषधांची पिशवी, पाण्याची बाटली. भाऊजी काहीतरी म्हणाले आणि आई इतकी हसली की तिनं त्यांच्या दंडाला धरलं. माझ्याबरोबर ती असं शेवटचं कधी हसली होती ते आठवायचा मी प्रयत्न केला. मला फक्त मी जिन्यावरून पडलो होतो तो प्रसंग आठवला.

मी पहारेकऱ्याकडे गेलो. "मला बाहेर जायचंय."

"बाहेर काही राहिलं?"

"हो, राहिलंय. आई."

त्याच्या नोकरीत हा पहिलाच प्रकार होता. त्यानं वहीत माझं कार्ड नोंदवलं आणि मला सोडलं. मी लांब रांगेच्या शेपटाला उभा राहिलो. आई आणि मी यांच्यामध्ये चाळीसएक माणसं होती. पण रांग नागमोडी असल्यामुळे दर सहा-सात मिनिटांनी ती दोघं माझ्यासमोरून विरुद्ध दिशेनं जायची, आणि तेवढ्यात एखाद-दुसरं वाक्य व्हायचं.

"अरे, तू तर आत गेला होतास!" आई पहिल्या वळणावर म्हणाली.

"आलो परत," म्हणेपर्यंत ती पुढं गेली.

दुसऱ्या वळणावर मी डोळे मिटून म्हणालो, "भाऊजी, ती तक्रार मी केली होती."

रांग सरकली. ते वाक्य घेऊन दोघांना सात मिनिटं चालायचं होतं. मला त्यांच्या फक्त पाठी दिसत होत्या.

माझ्यापुढं व्हायोलिनची पेटी घेतलेल्या एक बाई होत्या. त्यांनी विचारलं, "कसली तक्रार?" मी सांगितली. त्यांनी पुढच्याला सांगितली. ती रांगेच्या डोक्याशी पोचली तेव्हा भाऊजींनी हॉटेल पळवलं होतं.

तिसऱ्या वळणावर भाऊजी म्हणाले, "माहीत होतं रे मला. नोटिशीत मुद्दा आहे, दुसऱ्याचा चहा पितात. हे सरकारला दुसरं कोण कळवणार?"

"मग बोलला का नाहीत?"

उत्तर चौथ्या वळणावर मिळालं. "आईंनी तळपट काढलं आणि तू 'होवो' म्हणालास. म्हटलं, याला आणखी काय बोलायचं?"

आईनं माझ्याकडे बघितलंही नाही. चष्मा काढून पदरानं पुसला, पुन्हा लावला आणि पुढं गेली. मला वाटलं, संपलं. आता ही मावशीच्या घरीसुद्धा माझ्याशी बोलायची नाही.

ती दोघं तपासणीच्या तोंडाशी पोचली. अधिकाऱ्यानं हात केला. आई तिथंच थांबली आणि मागच्या माणसाला म्हणाली, "तुम्ही व्हा पुढं."

"आजी, तुमचा नंबर आहे."

"माझा मुलगा मागं आहे. मूर्ख आहे, पण येतोय."

चाळीसच्या चाळीस माणसं तिनं पुढं काढली. प्रत्येकानं आधी वळून मूर्ख कोण ते बघितलं. भाऊजी शाल सांभाळत शेजारी उभे होते.

मी पोचलो तेव्हा आई बूट काढत होती, एका पायावर, भाऊजींच्या खांद्याला धरून. मी दुसऱ्या बाजूनं माझा खांदा पुढं केला. तिनं हात लावून बघितला.

"तुझा उंच पडतो रे," ती म्हणाली. आवाजात अजून राग होता, पण बोलली.

मी गुडघ्यात वाकलो. हात बसला. भाऊजींनी माझ्याकडे बघितलं आणि तेही जरासे वाकले. मी आणखी वाकलो. त्यांनीही मागं हटायचं नाही असं ठरवलेलं दिसत होतं.

"सर," अधिकारी आम्हा दोघांना म्हणाला, "तुम्हाला खुर्ची देऊ का?"