मूळेची डॉक्टर

कर्नाटकाच्या सीमेवरच्या निंबर्गा गावात परदेश एकच आहे, तो म्हणजे रशिया. सुधारानी किर्गिझस्तानात राहून डॉक्टर झाली, तिथल्या थंडीत गारठली, एकदा ताक समजून घोडीचं आंबवलेलं दूध प्याली, परत येऊन इथली परीक्षा पास झाली आणि कलबुर्गीत इंटर्नशिपही उरकली. तरी गावाच्या लेखी ती ‘लिंगराजची रशियाची पोरगी’च. इथं नंबर लागला नाही म्हणून रशिया, असा त्यात एक पोटअर्थ होता. तो कुणी बोलून दाखवत नसे. फक्त ‘रशियाची’ म्हणण्याआधी माणूस जरासा थांबायचा.

मग पीजीच्या प्रवेश परीक्षेचा निकाल लागला आणि लोक थांबायचे बंद झाले. सुधारानीनं आधी रोल नंबर तपासला, मग स्वतःचं नाव तपासलं, आणि रँक खरंच आपलाच आहे म्हटल्यावर अंगणात जाऊन एकटीच उड्या मारल्या. लिंगराजनं खताच्या दुकानात पेढे वाटले. युरिया न्यायला आलेल्याला आधी पेढा, मग पोतं.

एवढा चांगला रँक घरात आला की तो घरातल्या सगळ्यांचा होतो. कुठल्या विषयाला पहिली पसंती द्यायची ते ऑनलाइन भरून काउन्सेलिंगच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळच्या आत लॉक करायचं होतं. एकदा लॉक झालं की बदल नाही. त्यामुळे सकाळपासून चुलीवरच्या चहाला उतरायला सवड मिळाली नव्हती.

“रेडिओलॉजी घे,” जगदेवप्पा काका म्हणाला. हा लिंगराजचा धाकटा भाऊ. गावातल्या नाल्यांची कंत्राटं घेतो आणि मत फुकट देतो. “एसीत बसायचं. काळ्या फिल्मकडं बघायचं. पेशंटचं तोंडबी बघायची गरज न्हाई.”

“तोंड बघायचं नव्हतं तर डॉक्टर कामून केलात मला?”

“आम्ही कुठं केलं? रशियानं केलं.”

“काय नगं त्या अंधाऱ्या खोलीत,” पार्वतम्मा, तिची आई, म्हणाली. “स्किन घे. रक्त न्हाई, आरडाओरडा न्हाई. खाज सुटली म्हणून कुणी ॲम्बुलन्सनं आलेलं बघितलीस का?”

लिंगराजला विषयाशी देणंघेणं नव्हतं. ज्या बियाण्याचा तुटवडा असतो तेच बियाणं चांगलं, एवढं त्याला धंद्यानं शिकवलं होतं. “लोकं जे मागायलेत आणि त्यांला मिळंना झालंय, ते घे,” असं सांगून तो दुकानाला गेला.

अडचण अशी होती की सुधारानीला हाडं हवी होती. ऑर्थोपेडिक्स. आणि ते ती घरात बोलली नव्हती. तिच्या रँकला ऑर्थो सहज मिळत होतं, हाच त्याचा मोठा दोष. एवढा रँक हाडांत घालवणं म्हणजे लग्नातली पैठणी नेसून रानात कापूस वेचायला जाणं, असं वॉर्डातल्या मैत्रिणीसुद्धा म्हणाल्या होत्या. पण तिचं मन काही हाडांवरून हटेना.

काका बाहेर पडला, आई गिरणीला गेली, तेव्हा न राहवून तिनं घरातल्या एकमेव वाद न घालणाऱ्या माणसाला सांगितलं. लिंगराजची आई, सिद्धम्मा अज्जी, ओसरीवर वाती वळत बसली होती. या घरात उंबऱ्याच्या आत कानडी, उंबऱ्याबाहेर मराठी आणि दुकानात गिऱ्हाईक आणील ती भाषा. सुधारानी कानडीत म्हणाली, “अज्जी, ना मूळे डॉक्टर आगतीनि.” मी मूळेची डॉक्टर होणार.

इथं घोटाळा झाला. इकडच्या कानडीत हाडाला एलुबु म्हणतात. मूळे हा बेंगळुरूकडचा शब्द. तो सुधारानीला वॉर्डाच्या पाटीवरून आणि म्हैसूरकडच्या सीनियरांकडून लागला होता. मराठी-कानडी दोन्हींत उभा जन्म काढलेल्या अज्जीच्या कानात मात्र ‘मूळ’ शिरलं की त्याच्यामागं ‘व्याध’ आपोआप शिरायची.

अज्जीनं वात खाली ठेवली. “छलो आतु,” ती म्हणाली. झालं ते बरंच झालं. “लई लोकांला तरास हाय. सांगत न्हाईत.”

“व्हय की अज्जी! उठता-बसता येत न्हाई त्यांला.”

“उठता येतंय. बसता येत न्हाई.”

“आणि लाजतेत दवाखान्यात जायला.”

“लाजणारच की बाई,” अज्जी म्हणाली, आणि नातीच्या धाडसाकडं तिनं जरा नव्या आदरानं बघितलं.

शेजारची म्हाळसाबाई मेंढरांना पाणी दाखवत होती. अज्जीनं भिंतीवरून मराठीत तिला ही बातमी नीट उलगडून दिली. “अगं बया!” म्हाळसाबाई म्हणाली. “बाईमाणूस, आणि मुळव्याध बघणार?” “बायांनी मग कुणाला दाखवायचं?” अज्जीनं विचारलं. त्यावर म्हाळसाबाईनं फार गंभीरपणे मान हलवली आणि हातातली बादली तिथंच ठेवून ती गावात गेली.

सुधारानी आत लॅपटॉप उघडून बसली होती. ऑर्थो वर घ्यायची, पुन्हा खाली सरकवायची. एवढ्यात मागच्या दारातून जगदेवप्पा काका आला. इकडंतिकडं बघून हळू आवाजात म्हणाला, “सुधा, ती रेडिओलॉजी नगं घेऊ.”

“कामून? सकाळी तर तुम्हीच...”

“सकाळचं सोड. तू जे ठरवलीस तेच घे. घरात एक माणूस असलेलं बरं. मोटारसायकलवर तर बसूच वाटंना झालंय बघ मला.”

सुधारानीला एवढा आनंद झाला की तिचा आवाज चिरकला. काका आपल्या बाजूनं! “गुडघा हाय का कंबर?”

काकानं दाराकडं बघितलं. “कंबरेच्या... खाली.”

“माकडहाड?”

“त्याच्याबी जरा...” काका म्हणाला आणि छताकडं बघायला लागला.

तेवढ्यात बाहेर स्कूटर आदळल्याचा आवाज झाला आणि लिंगराज आत आला. दळण डोक्यावर घेऊन पार्वतम्मा त्याच्या मागंच. गिरणीवर तिलाही कळलं होतं.

“मुळव्याध?” लिंगराज ओरडला. “एवढा रँक घेऊन मुळव्याध? दुकानात माणसं येऊन कानात विचारायलीत, पोरगी कधीपासून बसणार म्हणून! मी म्हटलं कशाची, तर लाजायलेत! समुद्र ओलांडून...”

“वाटंत समुद्र लागत न्हाई अप्पा. आणि मुळव्याध न्हाई. मूळे. एलुबु! हाडं! ऑर्थो!”

लिंगराज खाटेवर बसला. तोंडावरून उपरणं फिरवलं. “हाडं व्हय! अगं मग असं सांग की! मी म्हणालो... हाडं तर चांगलीच की. हाडांत वाईट काय हाय?”

जगदेवप्पा काकाचा चेहरा तेवढा पडला.

“म्हणजे स्किन न्हाई?” पार्वतम्मानं दळणाचा डबा उतरवत विचारलं.

तेव्हा लिंगराजच्या लक्षात आलं की आपण कशाला तरी हो म्हणालोय. सांगितलेला भाव फिरवायचा नाही, हा त्याचा दुकानातला नेम. तो घरात लागू आहे की नाही, हे त्याला चटकन आठवेना. इकडं सुधारानीनं ऑर्थो सगळ्यात वर नेऊन लॉकचं बटण दाबलं होतं. ओटीपी लिंगराजच्या फोनवर जायचा. त्याच्या खिशात टुंग झालं. त्यानं खिशावर हात ठेवला.

“थांब. ओढायला-बिढायला लागतंय म्हणतेत त्याच्यात. तुला ओढंल का?”

“काका, झोपा,” सुधारानी म्हणाली.

“मी कामून?”

“तुमचा खांदा निखळलाय असं समजा.”

झोपायला काकाची हरकत नव्हती, बसण्यापेक्षा बरं. तो चटईवर आडवा झाला. सुधारानीनं त्याचं कोपर त्याच्या अंगाला लावलं आणि मनगट धरलं. “बघा अप्पा, हिसका द्यायचाच न्हाई. कोपर असं अंगाला चिकटून, आणि हात हळूहळू बाहेर, हळूहळू. पेशंटशी बोलत राहायचं, घर कुठं, लेकरं किती. त्याचा स्नायू दमून सैल पडतोय, आणि हाड आपल्या पायानं घरी आल्यागत... एक ऑटोवाला आलता कॅज्युअल्टीत. काय शिव्या, काय शिव्या! सीनियर दुसरीकडं अडकलते, म्हणाले धर तू. मी धरली. आणि हातात कळतंय अप्पा, कानाला ऐकू यायच्या आधी हातात कळतंय! खट्! तो अर्ध्या शिवीत थांबला आणि म्हणाला, ‘अरे, बैठ गया की!’ तिथल्या तिथं हात वर करून दाखवला मला, नगं नगं म्हणत असताना! कुठल्या विषयात असं हाय? गोळी दिली आणि आठ दिवसांनी या, असं न्हाई, तिथंच...”

ती बोलतच राहिली. बोलताना तिनं काकाचा हात दोनदा बसवला. लिंगराज खिशावरचा हात कधी काढला ते विसरून ऐकत होता. रशियाहून फोन यायचा तेव्हा ही पोरगी ‘बरी आहे, जेवले, ठेवते’ एवढंच बोलायची.

“टाइम संपला की,” सुधारानी एकदम लॅपटॉपकडं बघून म्हणाली. “ओटीपी गेला.”

“गेला तर गेला. परत पाठीव,” लिंगराज म्हणाला.

परत टुंग झालं. लिंगराजनं फोन डोळ्यांपासून लांब धरला, मग आणखी लांब धरला. चष्मा दुकानात राहिला होता. पार्वतम्मानं पिठाचे हात पदराला पुसले आणि त्याच्या हातातून फोन घेतला. आकडा बघितला. वाचला मात्र नाही.

“हाडवाल्यांला रात्री उठवतेत ना?” तिनं विचारलं.

“व्हय अव्वा, लई उठवतेत!” सुधारानी म्हणाली. जणू कुणी पुरणपोळी वाढतंय असा तिचा आवाज होता.

पार्वतम्मानं लेकीकडं बघितलं. मग ती एकेक आकडा कानडीत वाचायला लागली, दूधवाल्याला पैसे मोजून देते तशी, सावकाश. शेवटचा आकडा तिनं जरा जास्त वेळ तोंडात धरला आणि मग दिला.

स्क्रीनवर हिरवी पट्टी आली. पुढचं सुधारानीला नीट आठवत नाही. पार्वतम्मा सांगते ती हकीकत अशी की पोरीनं तिला कमरेत धरून उचललं, पिठाच्या हातासकट, आणि ओसरीपर्यंत नेलं, ती “सोड, अगं सोड, पडशील की!” म्हणत होती, आणि ओसरीवर मुळव्याधीसाठी आलेली चार भली माणसं चपला शोधत उभी होती.