कोबीच्या वाफ्यातला हवेचा डबा

मी एक जुना काळा डबा आहे, मित्रांनो. लाल रंगाच्या दोन आसनी स्पोर्ट्स कारच्या इंजिनाला हवा पुरवतो. बंपरमागच्या नळीतून गार हवा घ्यायची, पोटातल्या कागदी फिल्टरने तिची धूळ काढायची आणि तिचा घोंगाट आतल्या आत जिरवायचा, हे माझं काम. बावीस वर्षं केलं. कुणी शाबासकी दिली नाही. तेही चाललं असतं. पण यंदा घरचे माझ्याशी जसे वागले, ते आठवलं की अजून शिसारी येते.

माझा मालक ओनो, निवृत्त पोस्टमन. समुद्राच्या बांधालगत त्याचं विटांचं घर आहे. मुलगी इम्के पाच वर्षांची असताना त्याने तिला शब्द दिला होता, की लग्नाला तुला याच गाडीतून नेईन. या जूनमध्ये तिचं लग्न ठरलं.

तेवढ्यात शेजारचा गेर्ड कुंपणावरून म्हणाला, "ओनो, ही स्पोर्ट्स कार की शिलाई मशीन? लेकीच्या लग्नाला काय टाके घालत जाणार?"

बस. एवढ्यावर माणूस बिघडला. खिळ्यांच्या प्रत्येक खणावर चिठ्ठी लावणारा ओनो, पण मला धरून ठेवणारे चाप त्याने स्क्रूड्रायव्हरने उचकटले आणि एक तुटला तेव्हा नुसतं "जाऊ दे" म्हणाला. गाडीचा आवाज वाढावा म्हणून माझ्या जागी त्याने एक चकचकीत उघडा फिल्टर बसवला, तोही तापलेल्या एक्झॉस्टला खेटून. आता इंजिन गरम हवा ओढू लागलं. गाडी मंदावली आणि बोंबलू लागली.

रविवारी भरदुपारी, सगळी गल्ली निवांत पडलेली असताना, त्याने ती सुरू केली.

"ऐकलीस ताकद?" त्याने बायकोला विचारलं.

"ताकद कसली? बोंब आहे ती," हिल्के म्हणाली. "आधी बंद कर."

मग मी अंगणात बेवारस पडलेला तिला दिसलो. तिने मला कोबीच्या वाफ्यात ठेवलं आणि रोज सकाळी चिमट्याने गोगलगायी उचलून माझ्यात टाकू लागली. शंख नसलेल्या, बोटाएवढ्या, लिबलिबीत. जिथून बावीस वर्षं स्वच्छ हवा गेली, तिथे त्या एकमेकींवर चढायच्या आणि तिथेच कुजायच्या. मला उलटी करता येत नाही, म्हणून वाचले सगळे.

लग्नाला तीन दिवस उरले असताना ओनो वाफ्याशी आला. चेहरा पांढराफटक पडला होता.

"तपासणीत गाडी अडवली. नव्या फिल्टरच्या मंजुरीचा कागद फायलीत लावून नेला होता मी, पण तो दुसऱ्या इंजिनाचा निघाला. मूळ डबा बसवल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणायची नाही, म्हणतो तो तपासनीस. डबा कुठाय?"

"तुझ्या पायाशी. भरलेला आहे."

"कशाने?"

"हात घाल, कळेल."

त्याने हात घातला. त्याचं तोंड पाहून मला महिन्यात पहिल्यांदा बरं वाटलं. मग त्याने मला चार पाण्यांनी धुतलं, नवा फिल्टर घातला, तुटलेल्या चापाच्या जागी नवा लावला. दुसऱ्या दिवशी गाडी पास झाली.

शुक्रवारी लग्नाला निघताना इम्के पांढऱ्या झग्यात ओनोच्या शेजारी बसली. बांधावरच्या वळणाशी ती अगदी हळू म्हणाली, "बाबा, मला भीती वाटतेय."

उघड्या फिल्टरच्या बोंबेत हे वाक्य ओनोच्या कानापर्यंत कधीच पोचलं नसतं. त्याने गाडी कडेला घेतली.

"मलाही वाटतेय," तो म्हणाला. "थोडं थांबू या का?"

दोघे थांबले. मी गार हवा ओढत राहिलो, आवाज न करता.

मित्रांनो, एखादी वस्तू उखडण्याआधी ती काय करते, एवढं तरी विचारा. आणि उखडलीच, तर तिच्यात गोगलगायी भरू नका. माझ्या डाव्या कोपऱ्यात अजून चिकट आहे.