यंत्राने न वाचायच्या ओळी

चाकणच्या कंपनीत लाइनवरचे संगणक अनंतरावांनीच बसवले होते. सगळे लिनक्सवर. ऑपरेटरने बटण दाबलं की पासवर्ड-बिसवर्ड न विचारता त्याच्या कामाची तेवढीच खिडकी उघडायची. "माणसाला चूक करायला जागाच ठेवायची नाही," हे त्यांचं ब्रीद. निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी हेच वाक्य नारळाबरोबर त्यांना परत दिलं.

संत तुकाराम नगरातल्या घरी मात्र चुका होऊ लागल्या. त्यांच्या पत्नी मृदुलाताई आधी पासवर्ड विसरल्या. अनंतरावांनी पासवर्ड काढून टाकला. मग कोणतं चित्र दाबायचं ते विसरल्या. त्यांनी चित्रं काढून टाकली. आता संगणक सुरू झाला की मृदुलाताईंचं लॉगिन आपोआप उघडे आणि रविवारी लेकीचा, मधुवंतीचा, जर्मनीहून आलेला कॉल आपोआप उचलला जाई. डॉक्टरांनी या विसरण्याला लांबलचक नाव दिलं होतं. अनंतराव त्याला 'सेटिंगचा प्रश्न' म्हणत.

मधुवंतीला सातवा महिना होता. बाळंतपणाला आईने यावं, हा तिचा हट्ट. बाळ होईपर्यंत तिला काही कळू नये, हा अनंतरावांचा. म्हणून त्यांनी लॉगिनबरोबर सुरू होणारी एक फाइल लिहिली. कॉल चालू असताना पडद्याच्या वरच्या कडेला बोलायचं वाक्य उमटे. अनंतराव संगणकाच्या मागे, कॅमेऱ्यात न येणाऱ्या खुर्चीवर बसत आणि माऊस दाबून पुढचं वाक्य आणत. मृदुलाताईंनी जन्मभर शाळेत मराठी शिकवलेलं. समोरची ओळ भाव घालून वाचणं तेवढं त्या विसरल्या नव्हत्या.

त्याच फाइलीत अनंतराव स्वतःसाठीही लिहीत. ओळीच्या आधी हॅशचं चिन्ह टाकलं की यंत्र ती ओळ सोडून देतं, ही जुनी सोय. कंपनीत ते तिथे काय बदललं तेवढं टिपून ठेवत. घरी ऐकायला कुणी नव्हतं, म्हणून जरा जास्त लिहीत.

शनिवारी मृदुलाताई म्हणाल्या, "अक्षर फार बारीक आहे हो, गुरुजी."

'गुरुजी'कडे दुर्लक्ष करून अनंतरावांनी वाक्यं दाखवायला नवा प्रोग्रॅम घातला. पहिलं वाक्य टपोरं दिसलं, ते खूश झाले. नव्या प्रोग्रॅमला हॅशचं काही सोयरसुतक नाही, हे पहिल्या वाक्यावरून कळणार कसं?

रविवारी कॉल आला.

"आई, कशी आहेस?"

"मजेत गं. डोहाळे काय म्हणतायत?"

"चिंच खावीशी वाटते सारखी. येताना आण. तिकीट काढू ना मग?"

अनंतरावांनी माऊस दाबला.

"नको गं बाई. गुडघा फार दुखतो."

"बाबा तर म्हणाले, आता बरा आहे."

त्यांनी पुन्हा दाबला.

"गुडघा ठणठणीत आहे," मृदुलाताईंनी वाचलं.

मधुवंती हसली. "मग नाटकं कशाला करतेस?"

अनंतराव दचकले. हे वाक्य त्यांचंच होतं, पण हॅशमागे स्वतःसाठी लिहिलेलं, इथलं नव्हतं. ते घालवायला त्यांनी घाईघाईने पुढचं आणलं.

"काल हिने मला विचारलं, तुम्ही कुणाकडे आलात?"

पुढचं.

"मधूला कळलं तर ती अवघडलेली धावत येईल."

पुढचं.

"गॅलरीत जाऊन रडलो. मग भाजी चिरली."

वाचन उत्कृष्ट झालं. कुठे अडखळणं नाही, स्वल्पविरामाला थांबणंसुद्धा बरोबर.

प्रत्येक वाक्याआधी होणारी माऊसची टिकटिक मधुवंतीने आता ओळखली.

"बाबा," मधुवंती म्हणाली, "तो माऊस खाली ठेवा आणि समोर या."

अनंतराव उठले. संगणकाला वळसा घालून मृदुलाताईंच्या शेजारी बसले. माऊस हातातच होता.

"कधीपासून?"

अनंतरावांनी पडद्याच्या वरच्या कडेला पाहिलं. बोटाखाली माऊस दाबला गेला. तिथे शेवटची ओळ आली: जप गं स्वतःला. पुढच्या रविवारी बोलू.

"जप गं स्वतःला," मृदुलाताई प्रेमाने म्हणाल्या. "पुढच्या रविवारी बोलू." आणि हात हलवू लागल्या. मग शेजारी वळून हळूच म्हणाल्या, "गुरुजी, तुम्हीपण हलवा. लेक आहे माझी."

अनंतरावांनी हात वर केला.

पडद्यावर मधुवंती दोन्ही हातांनी पोट धरून बसली होती.