भज्यांखालची पानं

आमच्या बुद्धविहाराच्या अभ्यासिकेला प्रोग्रामिंगची पुस्तकं हवीत की टॅबलेट, असं देणगीदारानं विचारलं तेव्हा समितीनं उत्तर द्यायला पाच मिनिटंही घेतली नाहीत. मी समितीचा सचिव. ठराव माझ्याच अक्षरात आहे, त्यामुळे दुसऱ्या कुणाला बोल लावायची सोय नाही.

विचारायचं होतं ते साक्षीला. कुरखेड्याच्या अलीकडच्या आमच्या गावात प्रोग्रामिंग शिकणारी ती एकटी. अभ्यासिकेतलं प्रोग्रामिंगचं एकुलतं एक पुस्तक मांडीवर उघडायचं आणि तिथल्याच जुन्या कॉम्प्युटरवर बघून बघून टाइप करायचं, असं दोन वर्षं चाललं होतं. चुकलं की कशामुळे चुकलं ते ती समासात पेन्सिलीनं लिहून ठेवायची. नागपूरच्या एका संस्थेची निवड परीक्षा तोंडावर आली होती. निवड झाली तर राहणं-शिकणं फुकट आणि पुढं नोकरी. बैठकीत ती उभी राहून म्हणाली, "मले पुस्तकंच पायजे. याचा दुसरा भाग आणून द्या."

अध्यक्ष देवरावभाऊ हसले. "पोरी, जग कुठी गेलं अन् तू कागद धरून बसली. एका टॅबलेटात हजार पुस्तकं येतेत."

आम्ही माना डोलावल्या. पिढ्यान् पिढ्या सगळं उशिरा मिळालेली माणसं आम्ही. या वेळी तरी नवं ते आधी आपल्याकडे येऊ दे, एवढीच हाव होती.

दहा टॅबलेट आले. हार घातले, फोटो झाले. कपाटात जागा करायला जुनी पुस्तकं रद्दीत गेली, साक्षीचंही त्यातच गेलं. मग कळलं की ई-पुस्तकं टॅबलेटात नाहीतच, ती नेटवर उघडतात. नेट आमच्याकडे येतं ते फक्त तलावाच्या पाळीवर, उंच बांधावर. साक्षीच्या घरी बटणांचा फोन. तिनं टॅबलेट तासभर पाळीवर न्यायची परवानगी मागितली. देवरावभाऊंनी विचारलं, हरवला तर जबाबदार कोण? टॅबलेट विहाराबाहेर जाणार नाही असा ठराव झाला. तोही मीच लिहिला.

रद्दी सुकलूच्या भज्यांच्या टपरीवर गेली होती. साक्षी धावत गेली. सुकलूनं उरलेली पानं काढून दिली. बाकीची गिऱ्हाइकांनी हात पुसून फेकली होती. तेलकट पानांवर राख भुरभुरून ती तेल टिपायची आणि पानं आकड्यांच्या क्रमानं लावायची. फंक्शनचं अख्खं प्रकरण गेलं होतं. त्यातलं एक पान माझ्या हातात आलं होतं. समासातलं पेन्सिलीचं अक्षर मी ओळखलं होतं. भजी गरम होती, मी खाल्ली.

परीक्षेत साक्षी तीन गुणांनी राहिली.

पुढच्या बैठकीत देवरावभाऊ हळहळले. "दहा टॅबलेट आणून देले, तरी पोरीनं सोनं नाई केलं." सगळ्यांनी माना डोलावल्या. साक्षी मागं भिंतीशी बसली होती. तिनं त्यांच्याकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं.

"काका, हे बी लिहून राह्यले का?"

मी लिहीत होतो.