नऊशे रुपयांची लाल मोटार

मित्रांनो, मी एक जुनी लाल मोटार आहे. दोनच माणसं बसतील एवढी लहान, पण पळायला अशी चपळ, की बेळगावच्या कॅम्पातली पोरं माझ्यामागे धावून धावून दमायची. माझा जन्म विलायतेतला. बेळगावात एका गोऱ्या कॅप्टनाकडे मी सहा वर्षं काढली. तो मला रोज पुसायचा, लोक थांबून बघायचे, आणि खोटं कशाला सांगू, मलाही ते आवडायचं. १९३८ साली तो मायदेशी गेला आणि मी मारुतीराव नावाच्या मोटारींच्या दलालाच्या हाती पडले. त्याला मी अहोजाहो करणार नाही. त्याची नुसती आठवण झाली तरी मला शिसारी येते.

तोवर मी आतून खिळखिळी झाले होते. गिअर कुरकुरत. ब्रेकची तार झिजून एका पदरावर आली होती. मारुतीरावाचा मेस्त्री मष्णू वीस वर्षं या कामात मुरलेला. त्यानं तार पाहिली आणि मालकाला सांगितलं, "ही बदलाय पायजे. घाटात तुटंल."

"ग्रीस फास, दिसणार न्हाय," मारुतीराव म्हणाला. "आन् गिअरात भुसा टाक. आवाज बसंल."

मष्णूनं मान खाली घातली आणि दोन्ही कामं केली. वरून लाल रंगही फासला. पोटात लाकडाचा भुसा आणि तोंडावर रंग! मला माझीच किळस आली.

त्या रंगाला निपाणीच्या तंबाखूवाल्यांचा पद्मराज भुलला. नुकतंच लग्न झालेलं. बायकोला, कांताला, शेजारी बसवून तवंदीचा घाट उतरायचा आणि निपाणीत मिरवायचं, एवढंच त्याच्या डोक्यात. किंमत होती नऊशे रुपये. ती रास्त आहे का, हे ठरवायला त्यानं नेमगोंडा मामांना आणलं. मामांना मोटारीतलं काही कळत नव्हतं, पण सगळा जन्म तंबाखूत गेलेला. त्यांनी गिअरच्या पेटीचं झाकण उघडायला लावलं, आत बोट बुडवलं, तंबाखू चोळावी तसं ते तेल दोन बोटांत चोळलं आणि नाकाशी नेलं.

"हे काय वो मारुतीराव? लाकडाचा भुसा न्हवं?"

मारुतीराव ओशाळला नाही. उलट हसला. "मामा, तुमच्या नाकापुढं कुणाचं चालतंय? पाचशे द्या."

मामांची छाती फुगली. "आता भाव रास्त झाला," ते भाच्याला म्हणाले. मला त्यांचाही राग आला. एक लबाडी सापडली म्हणजे बाकीचं सगळं खरं, असं त्यांना कुणी सांगितलं होतं?

कांता मागे पदर सावरून उभी होती. ती म्हणाली, "मामा, एका दमात चारशे कसं उतरलं? वांगी विकणारी बी दोन पैसं सोडताना कुरकुर करती." मग ती मारुतीरावाकडे वळली. "अण्णा, तुमच्या मंडळींना शेजारी बसवा आन् तवंदीचा घाट उतरून दावा. मग नऊशे बी देऊ."

"तिला गाडी लागती," मारुतीराव म्हणाला.

त्याची बायको राजाबाई दारातच उभी होती. "मला कवा गाडी लागली?"

मारुतीरावानं तिच्याकडे असं पाहिलं, की ती मुकाट्यानं आत गेली. कांताही चालू लागली. पद्मराज जरा रुसला, पण तिच्यामागून गेला.

आठच दिवसांनी सदलग्याचा शामू आला. आईबापांचा एकुलता एक, हसरा पोरगा. त्यानं भाव केला नाही. "किती पळती?" एवढंच विचारलं आणि नऊशे मोजले. निघताना मात्र तो मष्णूला म्हणाला, "मेस्त्री, गाडी बरी हाय न्हवं?"

मष्णूनं मालकाकडे पाहिलं. "व्हय," तो म्हणाला.

तवंदी घाटाच्या दुसऱ्या वळणावर तार तुटली. शामू दोन्ही पायांनी ब्रेक दाबत होता आणि मला थांबता येत नव्हतं. आम्ही खाली खडकावर आदळलो. तो पुन्हा उठला नाही.

दुसऱ्या दिवशी मारुतीराव तिथे आला. शामूचा बाप एका दगडावर बसून होता. मारुतीरावानं माझ्याभोवती चक्कर मारली आणि म्हणाला, "आप्पा, चाकं शाबूत हायती. मोडीत कितीला द्याल?" मित्रांनो, मला ओकारी येत असती, तर तिथेच आली असती.

पुढे कुणीतरी मला ओढून नेलं आणि गेली नऊ वर्षं मी निपाणीजवळच्या कोगनोळीत एका परसात पडून आहे. कोंबड्या माझ्यात अंडी घालतात. त्यांचा मला राग नाही. मित्रांनो, कधी माझ्यासारखी मोटार विकायची वेळ आली, तर तिचं दुखणं आधी सांगा. पैसे कमी येतील, येऊ द्यात. मला तोंड नव्हतं. मष्णूला होतं.